शेपटीची क्रियापदे

महाराष्ट्रात तळेगावांना तोटा नाही. पुण्याकडे दाभाड्यांचे आहे, ढमढेऱ्यांचे आहे. अमरावती जिल्ह्यात दशासर आहे. आणि नागपूर-अमरावती रस्त्यावर, जिथून आर्वीला वळतात तिथे, आमचे श्यामजी पंतांचे आहे. सरकारदप्तरी हे श्यामजी पंत कंसात बसतात. गाववाले त्यांना बोलताना गाळतात. पण पाकिटावर गाळून पाहा! माझे एका मुलाखतीचे पत्र असेच दाभाड्यांचा पाहुणचार घेऊन आले, तोवर मुलाखत उरकून आठ दिवस झाले होते.

म्हणजे गाव तेच, शेपूट बदलले की जिल्हा बदलतो. इंग्रजी क्रियापदांचे नेमके हेच आहे, हे मला बँकेत चिकटल्यावर कळले. आणि ते कळण्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच माणसाने मोजली.

'गिव्ह' म्हणजे देणे, एवढे मी पाचवीत शिकलो आणि त्या भांडवलावर बी.कॉम. झालो. पण 'गिव्ह अप' म्हणजे वर देणे नव्हे, सोडून देणे. 'गिव्ह इन' म्हणजे आत देणे नव्हे, शरण जाणे. बरे, या शेपटांतही दोन जाती. एक सुटी होणारी. 'पुट ऑफ'च्या मध्ये कर्माला जागा मिळते; आणि कर्म 'इट'सारखे सर्वनाम असेल, तर त्याने मध्येच बसले पाहिजे : 'पुट इट ऑफ'. दुसरी जात न सुटणारी. बायकोची काळजी घ्यायची तर 'लुक आफ्टर हर'. 'लुक हर आफ्टर' म्हटलेत तर व्याकरण मोडते, संसाराचे तुम्ही बघा. एसटीच्या बाकावरची जोडपी आठवा. काहींच्या मध्ये तिसरा माणूस निमूट बसतो. काहींच्या मध्ये कंडक्टरने सांगितले तरी नाही.

तर २००८ साल. केंद्राची कर्जमाफी आली होती. पाच एकरांच्या आतल्यांचे थकलेले पीककर्ज माफ, त्यावरच्यांना एकरकमी भरल्यास सूट. मी नवा कारकून. संत्र्याची बाग असलेले एक काकाजी रोज काउंटरवर यायचे. त्यांची जमीन सात एकर, म्हणजे माफीत बसत नव्हती. पण बाग वाळली म्हणून त्यांनी वर अर्ज केला होता. एक दिवस वरून चिठ्ठी आली. इंग्रजीत, तारेसारखी तुटक : रिकव्हरी पुट ऑफ, इन्फॉर्म द पार्टी.

"अजी साहेब, काय लिहून आलं?" काकाजींनी विचारले.

मी विचार केला. 'राईट ऑफ' म्हणजे खाते बुडीत धरून वहीतून काढणे. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द. 'ऑफ' आले म्हणजे गोष्ट संपली. वाणिज्य शाखेचे तर्कशास्त्र! मी छाती फुगवून सांगितले, "काकाजी, सुटलात."

संध्याकाळी शाखेत पेढे आले. माझ्या टेबलावर दोन जास्त.

चार दिवसांनी साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि मला केबिनमध्ये बोलावून विचारले, की 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे हे मला ठाऊक आहे का. वसुली एका हंगामापुरती थांबली होती. मुद्दल जागच्या जागी होते आणि व्याजाला हंगाम नसतो. तोवर काकाजींनी मोटारपंपाचा इसार देऊन टाकला होता. मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर पाणी आले, चहा आला, आणि मी सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "मंग पेढे काहून खाल्ले बापू तुमी?"

ते पेढे मला अजून पचलेले नाहीत. त्याच सुमारास मी या शेपटांचा इतिहास वाचायला घेतला, पापक्षालन म्हणा.

१०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडात घुसला आणि पुढे पिढ्यान् पिढ्या तिथले साहेबलोक फ्रेंच बोलत राहिले. कोर्टातले वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडावे लागले. (परक्या भाषेतले कोर्ट म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावायला नको.) साहेबाबरोबर 'अबॅन्डन', 'रिटर्न', 'कन्टिन्यू' आले, गड्याच्या तोंडी 'गिव्ह अप', 'गो बॅक', 'गो ऑन' राहिले. म्हणून आजही फ्रेंच माणूस इंग्रजीच्या दिवाणखान्यात घरच्यासारखा वावरतो आणि स्वयंपाकघरात ठेचकाळतो.

आपलेही तेच. इंग्रजी आपल्या घरी आली ती दप्तरातून. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ला निघाले ते मराठी-इंग्रजी जोडीने. १८३५ला मेकॉलेचे टिपण. १८४७ला कॅन्डीसाहेबांचा इंग्रजी-मराठी कोश. मग तर्खडकरांची भाषांतरपाठमाला, जिच्यावर आमच्या आजोबांची पिढी पोसली. सगळा कारभार शाळा-कचेरीचा. त्यामुळे आम्ही 'टॉलरेट' बिनधास्त करतो, पण 'पुट अप विथ' म्हटले की फाईल साहेबांकडे वर पाठवायची आहे असे वाटते.

डॉ. जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूलच केले आहे, की परक्यांचे सर्वांत जास्त हाल याच जोडक्रियापदांपायी होतात. त्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव सुचवले ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलीने. ते लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ सालच्या पुस्तकात आले. म्हणजे जॉन्सनने तक्रार नोंदवल्यापासून नाव मिळायला एकशे सत्तर वर्षे. आमच्या तक्रारवहीपेक्षा थोडे लवकरच.

पण एकट्या साहेबाला दोष का द्या? आपल्या 'हृ' धातूला 'आ' लावा, आहार होतो. 'प्र' लावा, प्रहार होतो. 'सम्' लावलात तर कारभारच आटोपला. इथे शेपूट नाही, शिंग आहे, एवढाच फरक. आणि सुटे होण्याचे म्हणाल, तर वेदांत हे उपसर्ग क्रियापदापासून दूर जाऊन बसत, मध्ये खुशाल दुसरे शब्द येत. पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र खर्चले आहे. पुढच्या संस्कृतात मात्र ते चिकटले ते चिकटलेच. पर्मनंट झाल्यावर कारकून खुर्चीला चिकटतो तसे.

मराठीची तऱ्हा आणखी न्यारी. झूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला; वा. गो. परांजप्यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. मला राहून राहून वाटते, की या भल्या गृहस्थाला कुणी 'विसरून जा' असे म्हटले असते तर? विसरून जायचे कुठे? 'खाऊन टाक' म्हणजे खायचे की टाकायचे? 'राहून राहून' वाटते म्हणजे मुक्काम किती दिवस? आपण हे आईच्या मांडीवर शिकलो म्हणून. तर्खडकरांवरून शिकलो असतो तर आपणही काउंटरवर पेढेच खाल्ले असते.

काकाजींनी पंपाचा इसार गमावला. बाग पुन्हा धरायला दोन वर्षे गेली. तिसऱ्या वर्षी बहार चांगला आला आणि एका दुपारी ते नोटांची पिशवी घेऊन माझ्याच काउंटरवर उभे राहिले. मी नोटा तीनदा मोजल्या. बेबाकीचा दाखला लिहून हातात दिला.

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हे कोनतं ऑफ, बापू?"

"पे ऑफ, काकाजी. फिटलं सगळं."

"साहेबाले विचारून आला का?"

मी केबिनमध्ये गेलो, दाखला दाखवला, साहेबांना विचारून आलो. काकाजींनी कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि समोरच्या बाकावर ऐसपैस बसले.

"मंग जा," ते म्हणाले. "पेढे आन आता तू."