भुलेची कैफियत

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास आणावयाच्या बेशुद्धीला मराठीने ‘भूल’ हे नाव दिले, आणि ज्या कोणी ते प्रथम योजिले त्याने, समजून असो वा न समजून, पाश्चात्त्य वैद्यकाला पुढे शंभर वर्षे छळणारी एक शंका त्या शब्दात नोंदवून ठेवली. कारण भूल म्हणजे विस्मृती, भूल म्हणजे भ्रमही, आणि वृद्धांच्या बाबतीत नेमकी हीच फिर्याद भुलेविरुद्ध गुदरली गेली.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून निश्चेष्ट केलेल्या रोग्याच्या मानेवरील गाठीवर वॉरेन या शल्यवैद्याने शस्त्र चालविले, पुढल्याच वर्षी एडिंबरोत सिम्प्सन या डॉक्टराने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले, आणि किंकाळ्यांना सरावलेल्या शस्त्रक्रियागृहांना जी शांतता लाभली तिच्या आनंदात, रोगी शुद्धीवर आला म्हणजे वैद्याचे कर्तव्य संपले, असे गृहीत धरले गेले. शुद्धीवर आलेला मनुष्य तोच आहे की नाही, हे पाहणे घरच्या माणसांच्या वाट्याला आले. १८८७ साली जॉर्ज सॅव्हेज या इंग्रज मनोवैद्याने भुलेनंतर जडलेल्या वेडाचे दाखले ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले, ते दप्तरी दाखल झाले, इतकेच.

घरच्यांची जबानी मनावर घेतली ती बेडफर्ड या ऑक्सफर्डच्या डॉक्टराने. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, टाके निघाले, पण तेव्हापासून वडील पूर्वीचे राहिले नाहीत, अशा तऱ्हेची तक्रार वारंवार कानी आल्यावर त्याने पन्नाशी उलटल्यावर भूल घेतलेल्या १,१९३ रोग्यांची प्रकरणे तपासली, आणि १९५५ साली ‘लॅन्सेट’मध्ये असा निष्कर्ष मांडला, की निर्विवाद आवश्यकता असेल तरच वृद्धांवर शस्त्र चालवावे, आणि त्यानंतरची औषधेही सरसकट देऊ नयेत. आप्तांच्या साध्या बोलण्याला पुरावा मानणारा हा मनुष्य मला फार आवडतो. मात्र त्याचा सारा रोख भुलेवर आणि तिच्या अंमलात घसरणाऱ्या रक्तदाबावर राहिला, आणि खुद्द वेदनेची चौकशी राहूनच गेली.

१९९८ साली साठी गाठलेल्या १,२१८ रोग्यांची बहुराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात शस्त्रक्रियेच्या आठवड्यानंतर चौघांपैकी एकाची आणि तीन महिन्यांनंतरही सुमारे दहांपैकी एकाची बुद्धी मंदावलेली आढळली. फिर्याद खरी ठरली. पण प्राणवायूची उणीव आणि रक्तदाबाची घसरण, हे ज्यांच्यावर मुख्य संशय होता ते दोघे निर्दोष सुटले. ऑगस्ट बीर या जर्मन शल्यवैद्याने १८९८ साली कील येथे पाठीच्या कण्यात कोकेन टोचून रोग्याला जागा ठेवूनच बधिर करण्याची जी युक्ती काढली होती, तिच्या वारसदार पद्धतीही, तीन महिन्यांनंतरचा हिशेब पाहता, संपूर्ण भुलेहून सरस ठरल्या नाहीत.

वेदनेची पाळी आली ती यानंतर. म्हातारपणी अफूची जात मेंदूला सोसत नाही, या समजुतीने डॉक्टरांचा हात आखडता राही, आणि सहनशीलतेला सद्गुण मानणारे वृद्ध स्वतःही मागत नसत. न्यूयॉर्कच्या चार रुग्णालयांत खुब्याचे हाड मोडलेल्या ५४१ रोग्यांची २००३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी पाहता मात्र हा संयम महागात पडला असे दिसते: ज्यांना दिवसाला दहा मिलिग्रॅम मॉर्फीनइतकेही वेदनाशामक मिळाले नाही त्यांनाच भ्रम अधिक झाला, आणि एरवी शाबूत बुद्धीच्या रोग्यांत तीव्र वेदनेने ही जोखीम नऊपट वाढविली. त्याच पाहणीत पेथिडीन हे अफूच्याच जातीतले औषध मात्र खरोखरच भ्रमकारक ठरले. म्हणजे जुना संशय अगदीच निराधार नव्हता.

याच सुमारास, २००१ साली, ईथरच्याच बोस्टनमधून खुब्याच्या १२६ रोग्यांवरील एका प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध झाली. वृद्धरोगतज्ज्ञाने रोज येऊन तजवीज सांगावयाची, असा तो प्रयोग, आणि त्याने भ्रमाचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. तजविजीत होते तरी काय? दुखो वा न दुखो, ठरल्या वेळी पॅरासिटामोल. अनावश्यक औषधांना रजा. लवकर अंथरुणातून उठविणे. आणि उशाशी रोग्याचा स्वतःचा चष्मा, कानयंत्र, एक घड्याळ व एक दिनदर्शिका.