सुटलेला दोर : समुद्रातल्या हाकेचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला स्कूबा डायव्हिंगच्या शिट्ट्या-आरशांशी काय करायचंय, असा प्रश्न विषय वाचून काहींना पडला असेल. म्हणून आधी त्याचं उत्तर देऊ.

न्यायशास्त्राच्या पहिल्याच तासाला धूर आणि अग्नी भेटतात. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथं अग्नी आहे असं आपण अनुमान करतो. त्या धुराला काही सांगायचं नसतं. बघणारा जाणता असला की काम भागतं. संकेताचं तसं नाही. नैयायिकांच्या लेखी संकेत म्हणजे अमुक शब्दावरून अमुक अर्थ समजावा, हे आधी ठरलेलं असणं. तेव्हा संकेताला नेहमी दोन माणसं लागतात, एक करणारा आणि दुसरा समजणारा. बुडणाऱ्या माणसाच्या हाकेचा इतिहास आपण बहुधा पहिल्या माणसाच्या हातातल्या वस्तूंचा इतिहास म्हणून वाचतो. आम्हांला तो दुसऱ्या माणसाचा इतिहास वाटतो. तसा तो वाचून बघू.

सुरुवात दोरापासून करू. इराणच्या आखातात मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्याचा दोर होडीवरच्या एका ठरलेल्या माणसाच्या हातात असायचा. खालून हिसका आला की त्यानं वर ओढायचं. एकोणिसाव्या शतकात धातूच्या शिरस्त्राणाचा पोशाख आला, तेव्हाही हवा नळीतून जायची आणि निरोप दोरातून. किती हिसके म्हणजे काय अर्थ, हे ठरलेलं असे. मग १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी ॲक्वालंग तयार केलं. हवा पाठीवर आली, नळी गेली आणि नळीबरोबर दोरही गेला. ‘स्कूबा’ हे नावच ‘स्वयंपूर्ण’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापासून सुरू होतं. पण स्वयंपूर्ण झालेल्या माणसाच्या दोराचं दुसरं टोक आता कुणाच्याच हातात नव्हतं. त्यानंतर डायव्हरसाठी आलेलं प्रत्येक साधन हा तो सुटलेला दोर पुन्हा बांधायचा प्रयत्न आहे.

ही साधनं बहुतेक जहाजांकडून आणि विमानांकडून उसनी आलेली आहेत. अमेरिकेत मार्था कॉस्टन नावाची एक तरुण विधवा होती. नवऱ्यामागे राहिलेल्या कागदांत तिला रात्रीच्या रंगीत संकेतदिव्यांची अर्धवट कल्पना सापडली. तिनं दहाएक वर्षं खपून ती पुरी केली. १८५९ साली पेटंट मिळालं, ते मात्र दिवंगत नवऱ्याच्या नावावर. तिचं नाव त्यात केवळ त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारी म्हणून आलं. स्वतःच्या नावाचं पेटंट मिळायला १८७१ उजाडावं लागलं. तिचं काम नुसतं दारूकामाचं नव्हतं बरं का. रंगांच्या कोणत्या क्रमाचा कोणता अर्थ, याची एक भाषाच त्यात होती आणि ती दोन्ही जहाजांना यावी लागे.

आणि ती भाषा एका बाजूला आली नाही तर? १५ एप्रिल १९१२ची पहाट आठवा. टायटॅनिकवरून पांढरी रॉकेटं उडत होती आणि ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरच्या लोकांना ती दिसत होती. थोड्याथोड्या वेळानं एकेक रॉकेट म्हणजे संकट, असा त्या काळचा नियमच होता. पण काही कंपन्यांची जहाजं एकमेकांना ओळख देण्यासाठीही रॉकेटं उडवत. कॅप्टनला कळवलं गेलं. त्यांनी मोर्सच्या दिव्यानं विचारत राहायला सांगितलं. जहाजाचा रेडिओचालक झोपला होता, त्याला कुणी उठवलं नाही. ‘कॅलिफोर्नियन’ नक्की किती दूर होतं यावर आजही वाद आहे, तो आपण बाजूला ठेवू. आपल्यापुरता मुद्दा असा की संकेत केला गेला, तो दिसलासुद्धा, आणि तरी समजला गेला नाही. १९१४ साली लंडनमध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात नुसत्या होड्या वाढवल्या नाहीत. मोठ्या जहाजांवर रेडिओ सतत ऐकत राहायचा आणि हाक आली की मदतीला जायचं, हे दोन्ही बंधनकारक करण्याचा प्रयत्न त्यात होता. म्हणजे दुसऱ्या माणसाचं कर्तव्य कागदावर आलं.

दुसऱ्या महायुद्धात वैमानिक समुद्रात पडू लागले. मग मध्ये नेम धरायचं भोक असलेले छोटे आरसे आले. पाणी हिरवं-पिवळं करणारा फ्लोरेसिनचा रंगही आला. हीच सामग्री पुढे डायव्हरच्या खिशात पोचली.

आता एक साधं गणित करू. पाण्यावर तरंगणाऱ्या माणसाचे डोळे पृष्ठभागापासून साधारण १५ सेंटिमीटर वर असतात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचं क्षितिज दीडएक किलोमीटरवरच संपतं. होडीवरच्या माणसाचे डोळे तीन मीटर उंच असले तर त्याचं क्षितिज सहा किलोमीटरच्या पुढे जातं. पण त्याला शोधायचंय ते नारळाएवढं डोकं, तेही लाटांच्या आड. म्हणून डायव्हरला पहिली गरज असते उंचीची. ती बोया देतो. हा बोया म्हणजे नारिंगी किंवा पिवळा, फुगवल्यावर माणसाएवढा उभा राहणारा नळकांड्यासारखा फुगा. अनुभवी डायव्हर तो वर येण्याआधीच खालून सोडतात आणि रिळाची दोरी आपल्या हातात ठेवतात. बघा, दोर परत आला. फक्त त्याचं वरचं टोक आता हातात नसतं, कुणाच्या तरी नजरेत असतं.

आणि नजरच नसली तर? २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्याखाली असताना त्यांची बोट निघून गेली. डोकी मोजण्यात चूक झाली होती. दोघं परतलेच नाहीत हे लक्षात यायला दोन दिवस गेले. काही महिन्यांनी पाण्याखाली लिहायची एक पाटी सापडली. तिच्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलेली मदतीची विनवणी होती. ती दोघं सापडली नाहीत. याच रीफवर मे २००८मध्ये दोन डायव्हर प्रवाहात वाहून गेले आणि त्यांनी अख्खी रात्र समुद्रात काढली. पण ते हरवलेत हे बोटीवर त्याच दिवशी कळलं होतं, शोध सुरू झाला होता. एकोणीसएक तासांनी हेलिकॉप्टरनं त्यांना जिवंत उचललं. दोन्ही घटनांत समुद्राचा फरक नाही. एकीकडे कुणी वाट पाहत नव्हतं, दुसरीकडे पाहत होतं. म्हणून आम्ही म्हणतो, डायव्हरचं सगळ्यांत पहिलं साधन म्हणजे किनाऱ्यावर ठेवलेलं नाव आणि बोटीवर दोनदा मोजलेली डोकी.

मग बरोबर काय न्यायचं? प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा : तुझा दुसरा माणूस कोण? शिट्टीचा माणूस जवळच्या होडीवर आहे, पण इंजिन चालू असलं की तो बहिरा होतो. बोयाचा माणूस दिवसा डेकवर उभा आहे. आरशाचा माणूस विमानात आहे, आणि त्याला ऊन लागतं. लुकलुकणाऱ्या दिव्याचा माणूस रात्री शोधणारा. म्हणून एकच महागडी वस्तू घेण्यापेक्षा वेगवेगळ्या माणसांसाठीच्या तीन-चार स्वस्त वस्तू बऱ्या. त्या अंगाला अडकवलेल्या हव्यात, एका हातानं काढता आल्या पाहिजेत. बोटीवरच्या पिशवीत राहिलेली शिट्टी काय कामाची? दाबाचंही भान हवं. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. जहाजासाठी बनवलेलं ‘वॉटरप्रूफ’ यंत्र तिथं टिकेलच असं नाही. त्याला वेगळी डबी लागते.

राहिला क्षितिजापलीकडचा माणूस. त्याच्यासाठी उपग्रह आले. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ, शीतयुद्ध चालू असताना, कॉस्पास-सारसॅट व्यवस्थेसाठी एकत्र आले. तिचा पहिला उपग्रह १९८२ साली उडाला आणि त्याच वर्षी तिनं पहिले जीव वाचवले. जुन्या बीकनची हाक निनावी होती. उपग्रहांनी ती ऐकणं २००९मध्ये थांबवलं. ४०६ मेगाहर्ट्झच्या नव्या बीकनची हाक स्वतःची ओळख घेऊन जाते. आपल्याकडे इस्रोनं मच्छीमारांसाठी असंच एक यंत्र केलं. त्याचा संदेश उपग्रहामार्गे बेंगळुरूच्या केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो. २०२४च्या जानेवारीत त्याची दुसरी पिढी आली, आणि तिच्यात ‘तुमची हाक पोचली’ असं उत्तर होडीपर्यंत परत येतं.

हे उत्तर आम्हांला फार मोलाचं वाटतं. रात्रभर लाटांत असलेल्या माणसाचा धीर सुटतो तो बहुधा कुणी ऐकतंय की नाही हे न कळल्यामुळे. मोती काढणाऱ्याला ते दोराच्या ताणावरून कळायचं.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आपली मंडळी आता हौसेनं डायव्हिंग करतात. तिथं उथळ पाण्यात प्रशिक्षकानं हात धरलेला असतो. तो हातच दोर. पुढे शिकून खोल पाण्यात जाल तेव्हा तो हात नसेल. त्या दिवशी शिट्टी, बोया, आरसा आणि दिवा अंगावर घ्या, आणि बोट सुटण्याआधी विचारा, की मोजणारा कोण आहे? तो माणूस तुमच्यासमोर उभा राहून ‘मी’ म्हणाला, तरच पाण्यात उतरा. किनाऱ्यावर असाल, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लक्षात ठेवा. कारण त्या वेळी दुसरं टोक तुमच्या हातात असेल.

इथं थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊ.