लाल कोळी (पीककीड)

हा लेख पिकांवरील कीड याविषयी आहे. जाळे विणून भक्ष्य पकडणाऱ्या प्राण्यासाठी पहा: कोळी.

लाल कोळी, अर्थात दोन ठिपक्यांचा कोळी (शास्त्रीय नाव: टेट्रानिकस अर्टिकी), ही फुलझाडे, फळपिके व भाजीपाला यांवर उपजीविका करणारी एक अतिसूक्ष्म कीड आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कॉख यांनी १८३६ मध्ये तिचे वर्णन केले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पॉलिहाउसमधील गुलाब व जरबेरा, महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील स्ट्रॉबेरी, तसेच घरातील कुंड्यांमधील शोभेची झाडे यांवर ती आढळते. फुलोऱ्याच्या काळात तिचे नियंत्रण विशेष अवघड ठरते. कारण या काळात फवारणीमुळे फुले, मधमाश्या आणि तोडणीस आलेली फळे या तिन्हींना धोका संभवतो.

ओळख व जीवनक्रम

लाल कोळी हा कीटक नसून अष्टपाद वर्गातील प्राणी आहे. म्हणूनच मावा वा तुडतुडे यांवर चालणारी अनेक कीटकनाशके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. प्रौढ मादी सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीची असते. नाव ‘लाल’ असले तरी फुलोऱ्याच्या हंगामात ती बहुधा फिकट हिरवट-पिवळी दिसते व तिच्या पाठीवर दोन गडद ठिपके असतात.

अंडे, सहा पायांची अळी, आठ पायांच्या दोन बाल्यावस्था आणि प्रौढ अशा अवस्थांतून जीवनक्रम पूर्ण होतो. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात यास आठवडा ते दहा दिवस पुरतात. थंडीत हाच काळ दोन-तीन आठवड्यांपर्यंत लांबतो. एक मादी आयुष्यात साधारणतः शंभर अंडी घालते. अफलित अंड्यांतून केवळ नर जन्मतात. त्यामुळे एकटी मादी नव्या झाडावर पोहोचली तरी तेथे वसाहत उभी राहू शकते.

नुकसानीचे स्वरूप

कोळी पानाच्या खालच्या बाजूस राहून सुईसारख्या मुखांगाने पेशींतील रस व हरितद्रव्य शोषतो. पानाच्या वरच्या बाजूस प्रथम बारीक पांढुरके ठिपके दिसतात. पुढे पान पिवळट-तांबूस होऊन वाळते. प्रादुर्भाव वाढल्यावर पाने, कळ्या व देठ यांवर बारीक जाळी दिसू लागते. गुलाबात सुरुवात बहुधा खालच्या पानांपासून होते. जरबेऱ्याच्या पाकळ्या विकृत होऊन फुलाचे बाजारमूल्य घटते. स्ट्रॉबेरीत झाडाची वाढ खुंटते व फळे लहान राहतात.

कोरडी व उष्ण हवा, पानांवरील धूळ आणि नत्रखताचा अतिरेक या गोष्टी किडीस पोषक ठरतात. वारा, रोपांची ने-आण आणि मजुरांचे कपडे यांद्वारे तिचा प्रसार होतो.

फुलोऱ्यातील नियंत्रण

निरीक्षण: आठवड्यातून दोनदा खालची पाने दहापट भिंगाने तपासावीत. पांढऱ्या कागदावर पान झटकल्यास हलणारे ठिपके दिसतात. पॉलिहाउसचे दार, कोपरे आणि गरम वाऱ्याची बाजू येथे प्रथम पाहावे. कळ्या उमलण्यापूर्वी कीड लक्षात आल्यास बरेचसे काम सोपे होते.

स्वच्छता व पाणी: जाळी धरलेली पाने पिशवीत भरून बाहेर नेऊन नष्ट करावीत. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दिल्यास कोळी व जाळी धुऊन जातात. आर्द्रता किडीस मानवत नाही. तथापि उमललेल्या फुलांवर पाणी साचल्यास करड्या बुरशीचा प्रादुर्भाव होतो. यास्तव हे काम सकाळी करून पाने दुपारपर्यंत कोरडी होऊ द्यावीत.

साबण व तेल: घरातील कुंड्यांसाठी सौम्य साबणाचे पातळ द्रावण उपयुक्त आहे, कपडे धुण्याची पावडर वापरू नये. हे द्रावण अंगास लागलेल्याच कोळ्यांना मारते, अंडी मात्र वाचतात. म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने निदान तीन फवारण्या लागतात. कडुनिंबाच्या तेलाने पाकळ्यांवर डाग पडू शकतात, सबब प्रथम एका झाडावर प्रयोग करावा. गंधकाची फवारणी कडक उन्हात करू नये. तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक टाळावे.

मित्रकीड: फायटोसियुलस पर्सिमिलिस हा परभक्षी कोळी १९५० च्या दशकात चिलीतून आलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर जर्मनीत पोहोचला व पुढे जगभरच्या काचगृहांत वापरला जाऊ लागला. भारतात निओसियुलस लाँजिस्पिनोसस ही परभक्षी जात आढळते. स्टेथोरस हा लहान काळा भुंगेराही कोळी खातो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी हे मित्र मरतात आणि त्यानंतर लाल कोळी अधिकच फोफावतो.

कोळीनाशके: ॲबामेक्टिन, फेनपायरॉक्सिमेट, स्पायरोमेसिफेन, हेक्झिथायाझॉक्स व प्रोपरगाइट ही निरनिराळ्या प्रकारे कार्य करणारी औषधे आहेत. हेक्झिथायाझॉक्स अंडी व पिलांवर चालते, प्रौढांवर नाही. या किडीत नव्वदहून अधिक रसायनांविरुद्ध प्रतिकारशक्ती नोंदली गेली आहे. तेव्हा एकाच गटाचे औषध लागोपाठ वापरू नये. पीक, मात्रा व प्रतीक्षा कालावधी वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच पाळावा. पूर्वी सर्रास वापरले जाणारे डायकोफॉल २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात समाविष्ट झाले आणि भारतात २०२३ च्या आदेशान्वये त्यावर बंदी आली. ही औषधे राहत्या खोलीत फवारू नयेत.

सातारा जिल्ह्यातील विशेष परिस्थिती

महाबळेश्वर स्ट्रॉबेरीस २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे पीक हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत फुले व फळे एकाच वेळी धरते. हंगामात दर दोन-तीन दिवसांनी तोडणी होत असल्याने दीर्घ प्रतीक्षा कालावधीचे औषध वापरणे व्यवहारात कठीण जाते. शिवाय परागीभवन अपुरे झाल्यास फळ वेडेवाकडे बनते, म्हणजे मधमाशी येथे उत्पन्नाशीच निगडित आहे. याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. ॲबामेक्टिन मधमाश्यांना विषारी आहे. त्यामुळे फुले असताना ते टाळणे आणि इतर कोणतीही अपरिहार्य फवारणी माश्या पोळ्यात परतल्यावर, सायंकाळी करणे हितावह ठरते.

सांगली जिल्ह्यातील विशेष परिस्थिती

तासगाव, मिरज व खानापूर तालुक्यांतील द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोरा येतो. कोळ्यांचा त्रास मात्र बहुधा पुढे, फेब्रुवारी-मार्चमध्ये तापमान वाढल्यावर, घड पक्व होताना जाणवतो. त्या वेळी उर्वरित अंशाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून फुलोऱ्यातच पानांची तपासणी सुरू करणे, बागेतील रस्त्यांवर पाणी मारून धूळ दाबणे आणि नत्र मर्यादित ठेवणे हे उपाय येथे अधिक उपयोगी पडतात.