बी गेले, घाणा थांबला

कष्टाची उपमा हवी असली की मराठी माणसाला घाण्याचा बैल आठवतो. डोळ्यांना झापड, मानेवर जू आणि दिवसभर चालून जागच्या जागी. ही उपमा बैलापाशी थांबली नाही, ती तेल्यालाही चिकटली. तेली कष्टाळू, घरादारासाठी राबणारा, देवभोळा. पण चाकोरी न सोडणारा, आणि म्हणून यंत्र येताच मागे पडलेला, अशी समजूत रूढ झाली. वर्धा जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा व्यवहार पाहिला तर ती टिकत नाही. तेल्याचे कष्ट कमी पडले नव्हते आणि त्याची श्रद्धाही आड आली नव्हती. निव्वळ गिरणीने त्याला हरवले असेही म्हणता येत नाही. घाण्यात टाकायला गावात बी उरले नाही, म्हणून घाणा थांबला.

या धंद्याची घडण आधी पाहू. जमिनीत रोवलेल्या भक्कम खोडाचे उखळ, त्यात तिरपी उभी लाट, लाटेला जोडलेली आडवी फळी आणि त्या फळीला जुंपलेला बैल. बैल फिरला की लाट फिरते आणि उखळाच्या कडेशी बी रगडले जाते. उखळात जवस किंवा तीळ टाकायचा, अंदाजाने पाण्याचा शिपका द्यायचा, आणि तेल सुटू लागेपर्यंत बी सारखे वरखाली करत राहायचे. पाणी जास्त झाले तर लगदा होतो, कमी झाले तर ढेप बांधत नाही. हा अंदाज पुस्तकात मिळत नसे. तो घरातच एका हातातून दुसऱ्या हातात जाई. बी निवडणे आणि पाखडणे बायकांकडे, फळीवर बसून बैल हाकणे पोराकडे, मापाने तेल विकणे पुन्हा घरच्याच बाईकडे. घर आणि कारखाना वेगळे नव्हतेच. उरलेली ढेप गावच्या गुरांना जाई, त्यामुळे शेतात पिकलेल्या बियाचा कणही वाया जात नसे. रसेल आणि हिरालाल यांच्या जातींवरील 1916 च्या ग्रंथात मराठी मुलुखातल्या तेल्यांचे एक बैल जुंपणारे आणि दोन बैल जुंपणारे असे पोटभेद नोंदलेले आहेत. धंद्याचे अवजार माणसाच्या ओळखीत इतके मुरले होते.

श्रद्धेचेही तसेच. देवळातला नंदादीप आणि शनिवारी मारुतीला वाहायचे तेल घाण्यातूनच येई. कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे बेने इस्राएल ज्यू, म्हणजे शनिवार तेली, अशी नावेच पडली होती. धर्म वेगळे असले तरी आठवड्यातून एक दिवस घाणा थांबवण्याची शिस्त दोघांचीही. त्या दिवशी माणसाइतकीच बैलालाही उसंत मिळत असणार, हे उघड आहे. घाण्याचा धंदा डोके बधिर करतो असे म्हणणाऱ्यांनी चाकणच्या तेली घरातल्या संताजी जगनाडे यांच्याकडे पाहावे. तुकोबांचे अभंग त्यांनी वह्यांमध्ये उतरवून ठेवले आणि गाथेच्या अभ्यासकांना त्या वह्यांचा आधार घ्यावा लागला. घाण्याभोवती फिरणारा हात बोरूही धरत होता. वर्धा जिल्ह्यात केजाजी महाराजांच्या घोराडला वारकरी परंपरा रुजली, तीही अशाच कष्टकरी घरांच्या बळावर.

मग बिघडले कुठे? वर्धा शहर 1866 मध्ये पालकवाडीच्या जागी वसले आणि 1867 मध्ये रेल्वे या भागातून नागपूरला पोहोचली. कपाशीबरोबर जवसही मुंबईच्या वाटेला लागला, कारण रंग आणि लिनोलियम बनवायला युरोपला जवसाचे तेल हवे होते. पुढे रॉकेल आले आणि दिव्याचे गिऱ्हाईक तुटले. 1930 नंतर वनस्पती तुपाने स्वयंपाकघरात पाय ठेवला. यातला सर्वांत खोल घाव मात्र बियाचाच होता. सुगीत व्यापारी रोख पैसे मोजून बी उचलत. वर्षभराचा साठा करण्याइतके भांडवल तेल्याकडे नसे, आणि चार महिन्यांनी तेच बी बाजारातून चढ्या भावाने घ्यावे लागे.

हे अनुमान आजचे नाही. 1934 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. तिथे झवेरभाई पटेल यांनी घाण्याचा बारकाईने अभ्यास केला. जास्त बी मावणारा, बैलाला हलका जाणारा सुधारित घाणा त्यातूनच तयार झाला आणि देशभर ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखला गेला. अवजार सुधारूनही झवेरभाईंचा निष्कर्ष अवजारावर थांबला नाही. त्यांच्या पाहणीच्या आधारे गांधीजींनी 1939 मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिले, त्याचा आशय असा : घाणे बंद पडण्याचे मुख्य कारण बियाचा नियमित पुरवठा नसणे हे आहे, आणि जिथे पिकते तिथेच बी राखून ते तेल्याला वाजवी दराने देणे हे सरकारचे काम आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गिरणीचे तेल स्वस्त होते आणि गरिबालाही स्वस्त तेल हवे असते. हे खरे, पण त्या स्वस्ताईत सुगीच्या पडत्या भावाने कोठारे भरण्याची ताकदही होती. गिरणीवाल्याला आणि तेल्याला एकाच भावाने बी मिळाले असते तर स्पर्धा यंत्राची आणि हाताची ठरली असती. ती झाली भांडवलाची आणि रिकाम्या हाताची. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. हा धंदा जातीने लादलेला होता, तेली समोर आला तर अपशकुन मानणारे गाव त्याच्याच तेलाने देवापुढे दिवा लावत होते. मग त्याच्या अस्ताचे दुःख का करायचे? धंदा जातीतून सुटला, पोरे शाळेत गेली, हे चांगलेच झाले. पण स्वतःहून सोडणे वेगळे आणि कच्चा माल हिरावल्यामुळे उठावे लागणे वेगळे. पहिल्यात माणूस पुढची वाट निवडतो, दुसऱ्यात तो बहुधा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातो. ग्रामोद्योगाच्या पुरस्कर्त्यांनीही तेल्याच्या श्रमाचा गौरव पुष्कळ केला, पण गौरवाने कोठार भरत नाही.

आज शहरात लाकडी घाण्याचे तेल चढ्या भावाने विकले जाते, बैलाच्या जागी मोटर फिरते. इकडे वर्ध्याच्या शिवारात जवसाची जागा बरीचशी सोयाबीनने घेतली आहे. जवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल असते, सोयाबीनमध्ये वीसच्या आसपास, आणि तेही मुख्यतः रसायन वापरून मोठ्या कारखान्यात काढले जाते. पूर्वी बी गावातून उचलले जाई, तरी ते घाण्यात चालणारे असे. आता शिवारात उभे असलेले पीकच घाण्याच्या कामाचे नाही.