डॅशबोर्डवरची उशी

आजचा भाग गाडीच्या इंजिनबद्दल नाही, मायलेजबद्दल तर नाहीच नाही. स्टिअरिंगच्या मागे डॅशबोर्डवर जो मऊ थर असतो, ज्याच्यावर आपण गणपती चिकटवतो, त्याच्याबद्दल आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. नाशिकमध्ये कुठल्याही सीट कव्हरच्या दुकानात जाऊन म्हणा, "दादा, डॅशबोर्डला रेक्झिन लावायचंय." तो लगेच रंगांचे तुकडे पुढे टाकेल. रेक्झिन हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो, की ते कंपनीचं नाव आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात बनणाऱ्या नकली चामड्याचा हा ट्रेडमार्क. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर चढवायचा आणि वर चामड्यासारखी नक्षी उमटवायची. ब्रिटिश गाड्यांत ते सर्रास वापरलं जायचं. कंपनी लोक विसरले, शब्द आपल्याकडे राहिला. अगदी डालडासारखं.

'डॅशबोर्ड' हा शब्द तर त्याहून जुना. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल अंगावर येऊ नये म्हणून बग्गीच्या पुढे जी फळी लावायचे, ती डॅशबोर्ड. मोटार आली, घोडा गेला, फळी राहिली. तिच्यावर हळूहळू मीटर बसले, बटणं बसली. पण ती होती फळीच. आधी लाकडाची, मग पत्र्याची.

1962 साली इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी नावाची छोटी, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी बाहेर पडली. दिसायला एकदम झकास. तिचा डॅशबोर्ड काळ्या सुरकुत्यांच्या पेंटचा, पत्र्याचा, आणि त्यातून बाहेर आलेले स्विच. फोटोत हे फार देखणं दिसतं. ब्रेक लागल्यावर डोकं जिथे जाऊन आपटणार, तिथेच हे सगळं होतं, हा भाग वेगळा.

तेव्हा सगळ्यांची समजूत अशी, की अपघात हा ड्रायव्हरच्या चुकीने होतो. मग गाडीचा काय दोष? 1965 मध्ये अमेरिकेत राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक आलं आणि प्रश्न उलटा झाला. टक्कर कुणाच्याही चुकीने होवो, त्यानंतर माणूस गाडीच्या आतल्या भागावर आपटतो, त्या दुसऱ्या टकरीला जबाबदार कोण? 1966 मध्ये तिथे कायदा झाला, आणि 1 जानेवारी 1968 पासून अमेरिकेत विकायच्या गाड्यांना सुरक्षेचे नियम लागू झाले. त्यातला 201 क्रमांकाचा नियम गाडीच्या आतल्या भागाबद्दलचा. माणसाच्या डोक्याच्या आकाराचा गोळा ताशी 24 किलोमीटर वेगाने डॅशबोर्डवर आदळवायचा. त्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या 80 पटींच्या वर सलग 3 मिलिसेकंदांपेक्षा जास्त टिकता कामा नये.

आता इथे जरा थांबू, कारण मला हे गणित फार आवडतं. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एवढं एकच सूत्र डोक्यात पक्कं राहिलं.) ताशी 24 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 6.7 मीटरच्या आसपास. 80 पट धक्क्याने, अगदी एकसारखं थांबवायचं म्हटलं तर थांबायला किती जागा लागेल? वेगाचा वर्ग भागिले धक्क्याची दुप्पट. उत्तर येतं 2.8 सेंटिमीटर. आणि हे आदर्श जगातलं उत्तर. खऱ्या फोममध्ये सुरुवातीला धक्का कमी असतो आणि दाबत गेलं की वाढतो, त्यामुळे जाडी त्याहून बरीच जास्त लागते. पत्रा जर सेंटिमीटरभरच चेपला, तर तोच हिशोब 220 च्या वर जातो.

म्हणून अमेरिकेला जाणाऱ्या 1968 च्या एमजीबीत डॅशबोर्डच्या जागी एक जाडजूड, फुगीर, काळी उशी आली. तिने इतकी जागा खाल्ली की ग्लोव्ह बॉक्सच गेला! चाहत्यांनी तिला चिडून नाव ठेवलं 'अ‍ॅबिंग्डन पिलो', म्हणजे अ‍ॅबिंग्डनची उशी. 1972 च्या मॉडेलला नवा डॅशबोर्ड आला, तेव्हा कुठे तो कप्पा परत मिळाला.

खरी गंमत पुढे आहे. त्याच कारखान्यातून ब्रिटनमध्ये विकायला निघणाऱ्या एमजीबीत 1968 नंतरही पत्र्याचाच डॅशबोर्ड राहिला. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एकाच गाडीचे दोन बिल्ड. कायदा जिथे आहे तिथे उशी, जिथे नाही तिथे पत्रा. डोकं मात्र दोन्हीकडे सारखंच कठीण, किंवा सारखंच नाजूक.

आपल्याकडे अशा गाड्या फारशा आल्याच नाहीत. जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. 1953 नंतर सरकारने ठरवलं की इथे सुटे भाग बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं, आणि 1954 मध्ये तो कारखाना बंद झाला. आयातीवर कडक बंधनं होती. त्यातल्या त्यात जवळचं नातं म्हणजे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड. ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार हेराल्डच्याच चासीवरून निघाली, आणि दोघींचा डिझायनर एकच, इटलीचा मिकेलोत्ती. आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिली ती मुख्यतः कुर्ल्याची फियाट. तिचाही डॅशबोर्ड पत्र्याचाच.

ज्यांच्याकडे आज अशी जुनी गाडी आहे, त्यांचं दुखणं वेगळं. ही उशी म्हणजे आत पॉलियुरेथेन फोम आणि वर पीव्हीसीची कातडी. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ ठेवायला तेलासारखी रसायनं घालतात. काचेमागून ऊन पडत राहिलं की ती हळूहळू उडून जातात (नव्या गाडीची काच आतून धुरकट दिसते त्याचं एक कारण हेच). मग कातडी आकसते, तडकते. भेगेतून दमट हवा आत शिरते आणि फोमचा भुगा होतो. नाशिकचा मे महिना आणि मग जुलै, दोन्ही मिळून हे काम चोख करतात.

दुरुस्तीचे रस्ते दोन. सोपा म्हणजे वरून प्लॅस्टिकची टोपी चिकटवणे. छान दिसतं, खाली भुगा तसाच. खरा रस्ता म्हणजे बॅटरी सुटी करायची, मीटर काढायचे, वायरींचे फोटो काढून ठेवायचे, डॅशबोर्ड बाहेर घ्यायचा, जुना फोम खरवडायचा, नवा भरून घासून आकार द्यायचा आणि हीट गनने ताणत नवं रेक्झिन चढवायचं. आपले सीट कव्हरवाले हे सफाईने करतात. घोळ होतो तो फोममध्ये. गादीचा स्पंज हाताला मऊ लागतो, पण डोकं आदळलं की क्षणात तळाला टेकतो आणि खाली पुन्हा पत्रा. इथे हवा असतो तो अर्धकडक फोम, जो दबताना धक्का खातो. अंगठ्याने दाबून मऊ लागला म्हणून खूश होऊ नका.

दोन बिल्डचा किस्सा जुना झाला असं वाटत असेल, तर जानेवारी 2014 आठवा. ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या आपटून पाहिल्या, पाचही शून्य तारे. त्यात चाकणला बनणारी बिनएअरबॅगची पोलो होती. हीच गाडी युरोपात पाच तारे घेऊन फिरत होती. कंपनीने ते मॉडेल लगेच मागे घेतलं. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली 1 जुलै 2019 पासून. आणि जानेवारी 2020 मध्ये पाच तारे मिळाले ते आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या एक्सयूव्ही 300 ला.

आता उशी डॅशबोर्डच्या आत घडी घालून बसलेली असते. शेजारच्या सीटसमोरचं झाकण ठरलेल्या रेषेवर फाटतं आणि काही मिलिसेकंदांत पिशवी बाहेर येते. आणि आपण काय करतो? त्याच झाकणावर जाड लेदर फिनिश चढवतो, दोन पदरी शिवण मारतो, वर मूर्ती चिकटवतो. ती फाटायची रेष बुजली तर पिशवी उशिरा किंवा वाकडी उघडेल, आणि मूर्ती थेट तोंडावर. तेव्हा दुकानात गेलात की आधी एसआरएस एअरबॅग ही अक्षरं कुठे आहेत ती दाखवा आणि सांगा, "दादा, एवढी जागा मोकळी सोड."