दरडोई एक डॉलर



स्नेहमेळाव्याच्या सकाळी शाळेच्या मैदानापासून धावायचे आणि त्यानिमित्ताने कॅन्सरच्या उपचारासाठी गावाकडून मुंबईला येणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणासाठी पैसे जमवायचे, असे ठरले तेव्हा आपल्या ग्रुपवर दोन दिवस वाद चालला होता. "पैसे द्यायचे तर सरळ द्या, त्यासाठी गुडघे कशाला झिजवायचे?" असे विचारणारी मीच होते. वीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढली, की मधली अनावश्यक पायरी दिसताच ती काढून टाकावीशी वाटते. पण याच प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी एकदा पाहिले होते आणि विसरले होते. तो इतिहास इथे सांगते.

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षे टोरांटोत होते. तिथे सप्टेंबरच्या एका रविवारी ऑफिसातल्या मंडळींबरोबर एका बागेतल्या धावण्याच्या कार्यक्रमाला गेले. कुणी धावत होते, कुणी चालत होते, कुणी बाबागाडी ढकलत होते. शेवटी पोहोचल्यावर मी माझी वेळ विचारली, तर सगळे हसले. तिथे वेळ मोजतच नाहीत. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. ही 'टेरी फॉक्स रन'. ज्याच्या नावाने ती होते, तो मुलगा तेविसावा वाढदिवस पाहण्याआधीच गेला होता.

टेरी फॉक्सचा जन्म १९५८चा, कॅनडातल्या विनिपेगचा. पुढे कुटुंब पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबियात गेले. खेळाची, विशेषतः बास्केटबॉलची त्याला भारी आवड. मार्च १९७७मध्ये, अठरा वर्षांचा असताना, त्याला ऑस्टिओसारकोमा हा हाडाचा कॅन्सर असल्याचे निदान झाले आणि उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या प्रशिक्षकाने त्याला एक लेख आणून दिला. एक पाय गमावूनही न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या डिक ट्रॉम यांच्यावरचा तो लेख होता.

पण टेरीला पळायला लावले ते त्या लेखाने एकट्याने नाही. केमोथेरपी घेतली तर वाचण्याची शक्यता ५० टक्के आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आणि दोनच वर्षांपूर्वी हाच आकडा १५ टक्के होता, हेही त्याला समजले. मधल्या दोन वर्षांत कुणीतरी प्रयोगशाळेत काम केले होते आणि कुणीतरी त्यासाठी पैसे दिले होते. सोळा महिने उपचार घेताना आजूबाजूची मुले दगावताना त्याने पाहिली. आपण वाचलो ते कुणाच्या तरी देण्यावर, ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही.

इथे मला आपल्या वर्गाबद्दल बोलायचे आहे. आपण नववीत असताना एक मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आली नाही. तिला हाच आजार होता. दहावीच्या वर्गात ती आली ती कुबड्या घेऊन. मुख्याध्यापकांनी आपला वर्ग तळमजल्यावर आणला, आणि पी.टी.च्या तासाला सरांनी तिच्या हातात शिट्टी दिली. आपल्याला वाटले, किती छान सोय झाली. तिला काय वाटते हे मात्र आपण कुणीच विचारले नाही. तिला विचारूनच हे लिहिते आहे. नाव मात्र नको म्हणाली.

टेरीने १९७९मध्ये कॅनेडियन कॅन्सर सोसायटीला पत्र लिहिले, की संशोधनासाठी पैसे जमवायला मी देश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणार आहे. या धावण्यासाठी त्याने एकूण चौदा महिने सराव केला. त्या वर्षी प्रिन्स जॉर्ज इथल्या एका शर्यतीत तो शेवटचा आला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि धावायला सुरुवात केली. त्याचा मित्र डग ऑलवर्ड गाडी चालवत होता, स्वयंपाकही त्याच्याकडेच. रोजचे लक्ष्य एक पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर.

सुरुवात काही भव्य नव्हती. कुठे वारा, कुठे हिमवादळ, रस्ते ओस. दोघा मित्रांचे इतके बिनसले की बोलणे जवळजवळ बंद झाले. मग टेरीचा सतरा वर्षांचा भाऊ डॅरेल मदतीला आणि मध्यस्थीलाही आला. पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने मात्र दहा हजार डॉलर दिले. तिथूनच त्याने ठरवले, की प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर. पुढे फ्रेंच भाषक क्वेबेकमध्ये भाषेची अडचण आली आणि मदत फारच थोडी मिळाली. जूनअखेर ऑन्टारिओत पोहोचल्यावर मात्र चित्र पालटले. हॉटेल व्यावसायिक आयझॅडोर शार्प यांचा मुलगा कॅन्सरने गेला होता. त्यांनी टेरीच्या दर मैलामागे दोन डॉलर जाहीर केले आणि आणखी ९९९ कंपन्यांना तसेच करायला सांगितले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. एका चेकची बातमी एक दिवस चालते. धावणारा माणूस मात्र रोज एका नव्या गावात पोहोचतो, आणि तिथल्या प्रत्येकाला आपला डॉलर द्यायची संधी मिळते. रक्कम इतकी लहान, की गरिबालाही संकोच नाही. मी ज्याला अनावश्यक पायरी समजत होते, तिच्यावरूनच लोक आत येत होते.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराबाहेर छातीत दुखू लागल्याने तो थांबला. कॅन्सर फुप्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते. भागाकार केला तर रोज साडेसदतीस किलोमीटर. आठवड्याभरातच एका दूरचित्रवाणी वाहिनीने केलेल्या कार्यक्रमातून एक कोटीहून जास्त डॉलर जमले. फेब्रुवारी १९८१पर्यंत एकूण निधी २ कोटी ४१ लाखांवर गेला, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतका. दरडोई एक डॉलर त्याच्या हयातीत पूर्ण झाला. २८ जून १९८१ला तो गेला. त्याच सप्टेंबरमध्ये, शार्प यांच्या पुढाकाराने, पहिल्या टेरी फॉक्स रनमध्ये तीन लाख लोक सहभागी झाले.

एक गोष्ट मला पटत नाही, तीही सांगते. पायाच्या खुंटातून रक्त येत असतानाही तो थांबत नसे आणि डॉक्टरांकडे जायचे टाळत असे. दुखणे अंगावर काढणे हा आदर्श नव्हे. आपल्या वयात तर नाहीच. त्याच्याकडून घ्यायचे ते ऋण ओळखणे, आणि मागताना न लाजणे.

हा लेख लिहिण्याआधी मी त्या मैत्रिणीला फोन केला. टेरीच्या पैशांमुळे ती वाचली असे मी म्हणणार नाही. असा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही. पण १५चे ५० करणारे आणि तो आकडा पुढे आणखी वाढवणारे संशोधन तिच्यापर्यंत पोहोचले, एवढे खरे. ती म्हणाली, "पैसे कुणी दिले होते, ते मला कधी कळलंच नाही. कळलं असतं तर आभार मानले असते." मग मी, तीस वर्षे उशिरा, शिट्टीबद्दल विचारले. ती हसली. म्हणाली, "मला ती शिट्टी अजिबात आवडायची नाही. या वेळी ती दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी चालणार आहे."

तिला दोन किलोमीटर चालायचे आहे, आणि ऊन वाढण्याआधी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अर्धा तास आधी ती निघेल. बरोबर पाण्याची बाटली घेऊन कुणीतरी हवे. माझे नाव मी दिले आहे; आणखी कुणी येणार असेल तर साडेपाचला फाटकाशी या.