टेम्पो: हॅम्बुर्ग ते आकुर्डी

पिंपरी-चिंचवडमध्ये घर बदलायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, ‘टेम्पो सांगितला का?’ गाडी कोणत्या कारखान्याची, हे कुणी विचारत नाही. माल नेणारी छोटी गाडी म्हणजे टेम्पो. इंग्रजी कोशात मात्र टेम्पो म्हणजे वेग, लय. इंग्रजीने तो इटालियन संगीतातून उचलला आणि त्याच्या मुळाशी आहे ‘काळ’ या अर्थाचा लॅटिन शब्द. आपले नाटकवालेही प्रयोगाचा टेम्पो पडला असे म्हणतात, तो हा जुना अर्थ.

या शब्दाला गाडीवर बसवले हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीने. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिने तीनचाकी मालगाड्या काढल्या आणि त्यांचे नाव ठेवले टेम्पो. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांनी बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली आणि विडालची ‘हॅन्सीट’ ही तीनचाकी भारतात तयार होऊ लागली. पुढे एकच चाक, इंजिन त्याच्याच वर, त्याच चाकाला साखळीची ओढ आणि मागे हौदा. नंतरच्या काळात पिंपरी-चिंचवडमधले आकुर्डी आणि बजाज टेम्पो हे समीकरणच झाले.

हातगाडीला जड पण ट्रकला थोडा पडेल, असा माल छोट्या दुकानदाराकडे, बागायतदाराकडे नेहमीच असतो. त्याच्यासाठी ही गाडी नवी होती आणि तिला आपल्याकडे वेगळे नाव नव्हते. अंगावर जे लिहिले होते तेच नाव पडले. मग चारचाकी आल्या, इतर कारखान्यांच्या आल्या, तरी नाव तेच राहिले. चाकणचा कांदा टेम्पोत, भोसरीच्या वर्कशॉपमधले सुटे भाग टेम्पोत, वारीत दिंडीचे सामानही टेम्पोत. टेम्पोवाला, टेम्पोभाडे, टेम्पोभर असे शब्द मराठीने स्वतः घडवले.

२००५ मध्ये बजाज टेम्पोचे नाव फोर्स मोटर्स झाले. त्याच वर्षी टाटांची ‘एस’ ही छोटी मालवाहू गाडी पुण्यातल्या कारखान्यातून बाहेर पडली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले, पण भाड्याने सांगताना ती टेम्पोच. कंपनीने नाव सोडले, लोकांनी नाही. माझ्या मते शब्दाची मालकी अशीच ठरते.

कोशकारांना एक विनंती: ‘टेम्पो’च्या नोंदीत गाडीचा अर्थ स्वतंत्र द्यावा आणि त्याच्यापुढे आकुर्डीचे नाव घालावे.